लेशमात्र घटकांचे वर्णलेखन

अन्नपदार्थ, पाणी, दूध, रक्त, मूत्र इ. नमुन्यांत अत्यल्प प्रमाणात असलेली संयुगे इतर घटकांपासून अलग करून ती ओळखण्याची व त्यांचे प्रमाण ठरविण्याची वैश्लेषिक पद्धती. नमुन्याच्या दहा लाख भागांत १०० भागांहून कमी असलेल्या घटकास सामान्यतः लेशमात्र घटक म्हणतात. तथापि अन्नातील विषे व कीटकनाशकांचे अवशेष यांच्या विश्लेषणात याहून हजारो पटींनी कमी प्रमाणाशी गाठ पडते. तेथे नेहमीचे एकक एका किलोग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दशलक्षांश), म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग, हे असते. रेल्वेच्या एका वाघिणीत सु. ६० टन धान्य मावते. अशा सतरा वाघिणींतील धान्यात एक ग्रॅम द्रव्य सारखे मिसळले, तर जवळजवळ एवढे प्रमाण होते. इतके अल्प द्रव्य अपायकारक असू शकते आणि ते शोधून मोजताही येते, या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रस्थापित झाल्या व दुसरीमुळे पहिली लक्षात आली, असे पुष्कळ वेळा घडले आहे.

अन्न हे शेकडो संयुगांचे मिश्रण असते. त्यात प्रथिने, मेद, शर्करा व रंगद्रव्ये विपुल असतात आणि शोधावयाचे द्रव्य त्यांत बुडालेले असते. घटक अलग न करता केलेल्या एखाद्या गोळाबेरीज परीक्षेने अशा मिश्रणाविषयी चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. दुधातील प्रथिनांचे प्रमाण त्यातील एकूण नायट्रोजनावरून काढण्याची पद्धत जुनी व एरवी विश्वसनीय आहे. परंतु हा नायट्रोजन प्रथिनांतूनच आला की अन्य कशातून, हे तीत कळत नाही. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलॅमीन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळून ते या परीक्षेत उत्तीर्ण करण्यात येत होते. २००८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा अशा दुधाच्या भुकटीमुळे सु. तीन लाख अर्भकांना मूत्रपिंडाचे विकार जडलेले होते आणि सहा अर्भके दगावली होती. वर्णलेखनाने मेलॅमीन अलग केले की त्याची ओळख पटण्यास अडचण पडत नाही.

तत्त्व व इतिहास : वर्णलेखनात एक स्थिर प्रावस्था असते (उदा., काचेच्या नळीत भरलेली वा पट्टीवर लिंपलेली पूड) आणि तीवरून वाहणारी द्रव वा वायुरूप अशी दुसरी चल प्रावस्था असते. मिश्रणातील प्रत्येक संयुगाची या दोहोंकडील ओढ कमीअधिक असते. स्थिर प्रावस्थेला अधिक चिकटणारे संयुग मागे रेंगाळते व चल प्रावस्थेत अधिक विरघळणारे पुढे जाते. पुरेसे अंतर कापल्यावर घटक एकमेकांपासून दूर झालेले असतात. रशियन वनस्पतिवैज्ञानिक मिखाईल त्स्वेत (१८७२–१९१९) यांनी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पेट्रोलियम ईथराच्या साहाय्याने खाली आणली, तेव्हा हिरवे व पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी या पद्धतीस वर्णलेखन हे नाव दिले. त्यांच्या आडनावाचा रशियन भाषेतील अर्थ ‘रंग’ असा आहे, हा एक योगायोग. आज या पद्धतीने अलग केली जाणारी बहुसंख्य संयुगे रंगहीन असतात. नाव मात्र कायम राहिले आहे.

त्स्वेत यांच्या कार्याकडे सु. पाव शतक फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९३१ मध्ये हायडल्‌बर्ग येथे रिखार्ट कून व त्यांचे सहकारी यांनी ही पद्धत पुन्हा वापरात आणली. ए. जे. पी. मार्टिन व आर. एल. एम. सिंज यांनी १९४१ साली दोन द्रवांमधील विभाजनावर आधारलेले वर्णलेखन मांडले व त्याबद्दल त्यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ए. टी. जेम्स व मार्टिन यांनी वायु-द्रव वर्णलेखन यशस्वी करून दाखविले. काचेच्या पट्टीवर पातळ थर देऊन करावयाचे तनुस्तर वर्णलेखन १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतील एगोन श्टाल यांच्या प्रयत्नांमुळे सर्वत्र पसरले, तर उच्च दाबाखाली करावयाचे द्रव वर्णलेखन १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले.

अफ्लाटॉक्सिनांचा शोध : लेशमात्र विश्लेषणातील बहुतेक सर्व प्रश्न ज्यात एकत्र आढळतात असे उदाहरण अफ्लाटॉक्सिनांचे आहे. १९६० मध्ये ब्रिटनमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्या काळात मेले. कोणताही जंतू वा विषाणू सापडेना, म्हणून या रोगास ‘टर्की एक्स रोग’ असे नाव देण्यात आले. मेलेल्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझीलमधून आणलेली भुईमुगाची पेंड होती, हा समान दुवा ध्यानात आल्यावर पेंडीचा अर्क काढून त्याचे वर्णलेखन करण्यात आले. तेव्हा जंबुपार प्रकाशात निळा चकाकणारा एक ठिपका दिसला. पेंडीवर वाढलेल्या अ‍ॅस्परजिलस फ्लॅव्हस या बुरशीने ते विष तयार केलेले होते. या बुरशीच्या नावातील आद्याक्षरे घेऊन १९६२ मध्ये त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव दिले गेले.

अधिक चांगले विलगीकरण साधल्यावर एकाच विषाऐवजी चार विषे असल्याचे दिसले. त्यांपैकी दोन निळे व दोन हिरवे अनुस्फुरण दाखवितात. (विशिष्ट प्रकाश शोषून त्याच वेळी निराळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या गुणधर्मास अनुस्फुरण म्हणतात.) निळा व हिरवा या रंगांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरांवरून व पट्टीवरील स्थानावरून त्यांना बी-१, बी-२, जी-१ व जी-२ अशी नावे मिळाली. म्हणजे या विषांची नावे त्यांच्या रासायनिक संरचनेवरून दिलेली नसून वर्णलेखनाच्या पट्टीवर ती जशी दिसली तशी दिलेली आहेत. संरचना नंतर, १९६३ मध्ये, निश्चित झाली. यांपैकी बी-१ सर्वांत विपुल व सर्वांत घातक असून ते यकृतास इजा करते आणि दीर्घकाल अल्प प्रमाणात पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग उत्पन्न करते. शिजविण्याच्या उष्णतेने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. शेंगदाण्याचे तेल काढताना बहुतेक विष पेंडीत राहते व तेलात थोडे उतरते. क्षाराने शुद्ध केलेल्या तेलातून तेही निघून जाते. घाण्याच्या कच्च्या तेलातून ते तसे जात नाही.

भारतातील १९७४ ची साथ : १९७४ च्या अखेरच्या महिन्यांत गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत काविळीची साथ आली. रोग्यांना काविळीमागोमाग जलोदर होई व अनेकांचा मृत्यू ओढवे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासात ३९७ रोग्यांची नोंद झाली व त्यांपैकी १०६ मरण पावले होते. अशा प्रसंगी विषाणुजन्य काविळीची शंका प्रथम येणे स्वाभाविक होते. परंतु ही साथ मक्यावर गुजराण करणाऱ्या कुटुंबांपुरतीच मर्यादित राहिली होती आणि त्याच घरांतील कुत्रीही जलोदराने मरत होती. त्या वर्षी अवकाळी पावसाने मक्याची कणसे भिजली होती व ती नीट न वाळविताच साठविण्यात आली होती. या मक्याच्या विश्लेषणात एका किलोग्रॅममध्ये ६.२५ ते १५.६ मिग्रॅ. अफ्लाटॉक्सिन आढळले. आज तृणधान्यांसाठी भारतात मान्य असलेली मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हा मका तिच्या सु. चारशे ते हजार पट दूषित होता. रोजच्या आहारातून एका माणसाच्या पोटात २ ते ६ मिग्रॅ. विष जात असावे, असा अंदाज करण्यात आला.

मका बुरसलेला आहे हे खाणाऱ्यांना दिसत नव्हते असे नाही. घरात दुसरे धान्य नव्हते. शिवाय बुरशी डोळ्यांना दिसली, तरी ती विष तयार करणारी आहे की नाही व विष किती आहे, हे दिसत नाही. उलट पाखडून व धुऊन स्वच्छ केलेल्या दाण्यांतही ते राहिलेले असू शकते. २००४ साली केन्याच्या पूर्व भागात जवळजवळ अशाच परिस्थितीत, ओलसर साठविलेल्या मक्यामुळे, ३१७ जण आजारी पडले व त्यांपैकी १२५ मरण पावले. दोन घटनांमध्ये तीस वर्षांचे अंतर होते आणि विश्लेषणाची साधने या काळात कितीतरी सुधारली होती. मात्र ती त्या घरांतील कणगीपर्यंत पोहोचलेली नव्हती.

नमुना घेणे : अफ्लाटॉक्सिन धान्यात सारखे पसरलेले नसते. बुरशी काही मोजक्या दाण्यांवर वाढते व बाकीचे दाणे निर्दोष राहतात. एका बुरसलेल्या शेंगदाण्यात दर ग्रॅमला एक मिग्रॅ. इतके विष आढळल्याच्या नोंदी आहेत. अर्ध्या ग्रॅमचा असा एकच दाणा १० किग्रॅ. शेंगदाण्यांत, म्हणजे सु. वीस हजार दाण्यांत, मिसळला गेला, तर त्या सर्व मालातील सरासरी प्रमाण किलोग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅम होते. नमुन्यादाखल मूठभर दाणे काढले, तर तो दाणा बहुधा हाती लागणार नाही व माल निर्दोष ठरेल. चुकून लागलाच, तर माल आहे त्याहून अनेक पटींनी वाईट ठरेल. म्हणून पोत्यांच्या राशीतून ठिकठिकाणी थोडा थोडा माल काढून कित्येक किलोग्रॅमांचा एकत्रित नमुना करतात, तो सगळा बारीक दळतात व कालवून त्यातील थोडा भाग परीक्षेस घेतात. विश्लेषणातील एकंदर अनिश्चिततेचा सर्वांत मोठा वाटा या पहिल्या पायरीवरच उत्पन्न होतो. प्रयोगशाळेतील उपकरण कितीही सूक्ष्मग्राही असले, तरी त्यामुळे ही उणीव भरून निघत नाही. व्यवहारात मात्र उपकरणाची चर्चा पुष्कळ होते व नमुना कोणी, कसा घेतला याची क्वचितच होते.

निष्कर्षण व शुद्धीकरण : दळलेला नमुना मिथेनॉल व पाणी किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल व पाणी यांच्या मिश्रणाबरोबर ढवळून विष विद्रावात उतरवितात. पूर्वी यासाठी क्लोरोफॉर्म वापरीत. या विद्रावात विषाबरोबर मेद व रंगद्रव्येही येतात. ती काढून टाकण्यासाठी आता बहुधा प्रतिपिंडयुक्त स्तंभ वापरतात. जेलच्या कणांवर अफ्लाटॉक्सिनास ओळखून धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसविलेली असतात. अर्क या स्तंभातून सोडला म्हणजे विष अडकून राहते. मग पाण्याने बाकीचे द्रव्य धुऊन काढतात आणि शेवटी थोड्याशा मिथेनॉलाने विष मोकळे करतात. ज्ञात प्रमाणात विष मुद्दाम मिसळलेल्या निर्दोष नमुन्यावर हीच सर्व प्रक्रिया करून त्यातील किती टक्के परत मिळते, ते प्रत्येक वेळी तपासावे लागते. शुद्ध प्रमाणभूत अफ्लाटॉक्सिन स्वतःच घातक असल्यामुळे ते जपून हाताळतात व वापरलेली काचपात्रे सोडियम हायपोक्लोराइटाच्या विद्रावात बुडवून त्यावरील विष नष्ट करतात.

अलगीकरण व मापन : तनुस्तर पद्धतीत सिलिका जेलचा थर दिलेल्या पट्टीच्या खालच्या कडेजवळ अर्काचा ठिपका व शेजारी प्रमाणभूत विद्रावांचे ठिपके देतात. पट्टीची कड क्लोरोफॉर्म व अ‍ॅसिटोन यांच्या मिश्रणात ठेवली म्हणजे द्रव वर चढू लागतो व विषे आपापल्या गतीने त्याबरोबर जातात. बी-१ सर्वांत वर व जी-२ सर्वांत खाली राहते. पट्टी सुकवून अंधारात ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार प्रकाशात पाहिली असता एक नॅनोग्रॅमहून (ग्रॅमच्या अब्जांशाहून) कमी विषही चकाकताना दिसते. या पद्धतीस विशेष खर्च येत नाही. परंतु धान्यातील अन्य काही पदार्थही निळे चकाकतात व पट्टीवर जवळपास त्याच जागी येतात. अशा वेळी पट्टीवर विरल सल्फ्यूरिक अम्ल फवारतात. अफ्लाटॉक्सिनाचा निळा रंग त्याने पिवळा होतो. रंग पिवळा झाला नाही, तर तो ठिपका अफ्लाटॉक्सिनाचा नाही हे निश्चित होते. पिवळा झाला, तर तो अफ्लाटॉक्सिनाचाच असे मात्र निश्चित होत नाही. म्हणून ठिपक्यातील द्रव्यावर ट्रायफ्ल्युओरोअ‍ॅसिटिक अम्लाची विक्रिया करून, बी-१ पासून तयार होणारे नवे संयुग अपेक्षित अशा खालच्या जागी येते की नाही, तेही पाहतात.

उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनात काही मायक्रोमीटर व्यासाच्या कणांनी घट्ट भरलेल्या, सु. १५ ते २५ सेंमी. लांबीच्या पोलादी स्तंभातून पंपाच्या साहाय्याने द्रव ढकलतात. कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोकार्बनी साखळ्या बसविलेल्या असल्याने तेथे ध्रुवीय संयुगे कमी व अध्रुवीय संयुगे अधिक धरली जातात. त्यामुळे क्रम उलटा होतो : सिलिकेच्या पट्टीवर सर्वांच्या पुढे असलेले बी-१ येथे सर्वांत शेवटी बाहेर पडते. एकाच संयुगाने दोन भिन्न तत्त्वांवरील परीक्षांत आपली अपेक्षित जागा घेतली, तर त्याच्या ओळखीस बळकटी येते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घटकाची अभिज्ञातकाकडून आलेखावर शिखराच्या रूपाने नोंद होते. शिखर येण्यास लागलेला वेळ, म्हणजे धारण काल, यावरून घटक ओळखतात व शिखराच्या क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाण काढतात. पाण्यातील विद्रावात बी-१ व जी-१ यांचे अनुस्फुरण मंदावते, म्हणून स्तंभातून बाहेर पडल्यावर त्यांची आयोडीन वा ब्रोमीन यांच्याबरोबर विक्रिया घडवून ते वाढवितात.

धारण काल जुळला एवढ्यावरून दोन संयुगे एकच ठरत नाहीत. एका गाडीतून एकाच स्थानकावर उतरलेले सगळे उतारू जसे एका गावचे नसतात, तसेच हे आहे. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्णलेखकास द्रव्यमान वर्णपटमापक जोडण्याची प्रथा रूढ झाली. यात घटकाचे आयनांत रूपांतर करून त्यांचे द्रव्यमान मोजतात, मग त्या आयनांचे तुकडे करून तुकड्यांचेही मोजतात. अफ्लाटॉक्सिन बी-१ चे रेणुसूत्र कार्बन १७, हायड्रोजन १२ व ऑक्सिजन ६ असे असून रेणुभार सु. ३१२ आहे. प्रोटॉन जोडलेल्या त्याच्या ३१३ भाराच्या आयनापासून २८५ व २४१ भारांचे तुकडे मिळतात. हे दोन्ही तुकडे योग्य वेळी, प्रमाणभूत नमुन्यातील गुणोत्तरात मिळाले, तरच ओळख पक्की मानतात. या उपकरणातही दोष संभवतो : नमुन्यातून त्याच वेळी बाहेर पडणारे अन्य पदार्थ आयननिर्मितीत अडथळा आणतात व प्रमाण खरे असते त्याहून कमी दिसते. तो टाळण्यासाठी जड कार्बन समस्थानिकाचे अणू असलेले अफ्लाटॉक्सिन ज्ञात प्रमाणात आधीच मिसळतात. जो अडथळा एकास होतो तोच दुसऱ्यास होत असल्याने दोहोंच्या गुणोत्तरावर त्याचा परिणाम होत नाही.

दूध, मूत्र व रक्त : दुभत्या जनावराच्या खाद्यातील बी-१ चा काही अंश शरीरात रूपांतरित होऊन दुधात उतरतो. या रूपास एम-१ म्हणतात (एम हे दुधाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षर). हे प्रमाण सामान्यतः खाद्यातील बी-१ च्या १ ते ३ टक्के असते व भरपूर दूध देणाऱ्या गायींत ते याहून अधिक होते. समजा, एका गायीने किलोग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम बी-१ असलेले ५ किग्रॅ. खाद्य रोज खाल्ले, तर १०० मायक्रोग्रॅम तिच्या पोटात जातील; त्यांतील २ टक्के दहा लिटर दुधात उतरले, तर लिटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम एम-१ येईल. भारतातील मर्यादा किलोग्रॅममागे ०.५ मायक्रोग्रॅम असल्याने हे दूध येथे चालेल, पण यूरोपातील मर्यादा ०.०५ असल्याने तेथे ते नाकारले जाईल. खाद्य बदलल्यास तीन-चार दिवसांत दूध जवळजवळ स्वच्छ होते. पावसात भिजलेली पेंड स्वस्तात घेण्याचा परिणाम असा दूध पिणाऱ्या बालकापर्यंत जातो.

माणसाने काय खाल्ले ते आठवून सांगण्यापेक्षा त्याच्या मूत्रावरून व रक्तावरून अधिक विश्वसनीयपणे समजू शकते. बी-१ शरीरात डीएनएतील ग्वानीन या घटकाशी जोडले जाते व ती जोडी तुटून मूत्रात येते. हिच्यावरून मागील एक-दोन दिवसांतील सेवन कळते. रक्तातील अल्ब्युमीन या प्रथिनाशी जोडले गेलेले विष मात्र ते प्रथिन टिकेतोवर राहते व मागील दोन-तीन महिन्यांची कल्पना देते. शांघाय येथील १८,२४४ पुरुषांचे मूत्र गोळा करून ठेवून पुढे त्यांच्यापैकी कोणास यकृताचा कर्करोग होतो याची पाहणी करण्यात आली. १९९२ व १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ अफ्लाटॉक्सिनाच्या खुणा असलेल्यांत या रोगाचा धोका सु. तिप्पट, केवळ यकृतशोथ-बी विषाणूचा संसर्ग असलेल्यांत सु. सात पट, तर दोन्ही असलेल्यांत सु. साठ पट आढळला. दोन कारणांच्या परिणामांची बेरीज न होता ते एकमेकांना कितीतरी वाढवितात, हे या पाहणीतून दिसून आले. मूत्रातील त्या अत्यल्प संयुगांचे वर्णलेखन साधले नसते, तर हे मानवी पुराव्याने दाखविणे अशक्यप्राय होते.

आकड्यांचा अर्थ : उपकरणात नमुना नसतानाही आलेखाची रेषा थोडी थरथरत असते. या गोंगाटाच्या सु. तिप्पट उंचीचे शिखर दिसले, तर द्रव्य आहे असे म्हणतात व सु. दसपट असेल, तरच त्याचे प्रमाण सांगतात. त्यामुळे अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. वापरलेल्या पद्धतीच्या अभिज्ञान-मर्यादेखाली आहे, एवढाच होतो. ती मर्यादा अहवालात दिलेली नसेल, तर त्या शब्दांस काही अर्थ राहत नाही. प्रमाण जसजसे कमी होते, तसतशी निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या उत्तरांतील तफावत वाढते. अमेरिकेतील विल्यम हॉरविट्झ यांनी १९८० मध्ये अनेक संयुक्त परीक्षांवरून दाखविले की, दशलक्षात एक भाग या पातळीवर ही सापेक्ष तफावत सु. १६ टक्के व अब्जात एक भाग या पातळीवर सु. ४५ टक्के असते. मर्यादा १५ मायक्रोग्रॅम असता एका प्रयोगशाळेने १३ व दुसरीने १८ असे उत्तर दिले, तर त्यात कोणाची चूक असेलच असे नाही. कायद्याने मात्र एका उत्तराने माल विकता येतो व दुसऱ्याने येत नाही. म्हणून अनिश्चितता सांगून निकाल देण्याची व वादाच्या प्रसंगी राखून ठेवलेला नमुना निर्देशक प्रयोगशाळेत पुन्हा तपासण्याची तरतूद करावी लागते.

कीटकनाशकांचे अवशेष : बाष्परूप होऊ शकणाऱ्या संयुगांसाठी वायु वर्णलेखन सोयीचे असते. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास शोधलेला इलेक्ट्रॉनग्राही अभिज्ञातक क्लोरीनयुक्त संयुगांना विलक्षण सूक्ष्मग्राही असल्याने डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अवशेष दूध, चरबी व मातेचे दूध यांत सर्वत्र आढळू लागले. यूरोपात जाणाऱ्या महाराष्ट्रातील द्राक्षांची तपासणी आता द्रव व वायू अशा दोन्ही वर्णलेखनांनी, द्रव्यमान वर्णपटमापक जोडून, एका वेळी शेकडो संयुगांसाठी होते. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यासाठी निर्देशक प्रयोगशाळा आहे. तरीही २०१० मध्ये वेलींची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडाचा अंश यूरोपात किलोग्रॅममागे ०.०५ मिग्रॅ. या मर्यादेहून अधिक आढळला व भारतीय द्राक्षांचा बराच माल तेथे अडकून बागाईतदार व निर्यातदार यांचे मोठे नुकसान झाले. हे संयुग आयनरूप असल्याने ते बाष्परूप होत नाही आणि अनेक कीटकनाशकांसाठी एकत्रित रीतीने काढलेल्या नेहमीच्या अर्कातही नीट येत नाही. त्यासाठी स्वतंत्र निष्कर्षण व स्वतंत्र स्तंभ लागतो. शेकडो संयुगांची यादी तपासणारी परीक्षाही यादीबाहेरच्या संयुगाविषयी काही सांगू शकत नाही.

बाजार समिती, गोदाम व दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी महागडी उपकरणे ठेवणे शक्य नसते. तेथे प्रतिपिंडांवर आधारलेल्या कागदी पट्ट्या वापरतात व काही मिनिटांत त्यांवरील रेषेवरून माल संशयास्पद आहे की नाही ते कळते. अशी पट्टी चाळणीचे काम करते. संशयास्पद ठरलेल्या मालाचा नमुना पुढे वर्णलेखनाने तपासूनच निर्णय घेतात. साध्या प्रयोगशाळांतून सिलिकेची पट्टी व जंबुपार दिवा यांच्या साहाय्याने हे काम अद्यापही केले जाते. मका सु. १३ टक्क्यांपर्यंत व भुईमूग सु. ८ ते ९ टक्क्यांपर्यंत ओलावा राहील इतका वाळवून साठविल्यास साठवणीत बुरशीची वाढ होत नाही. शेतात उभ्या पिकावर पाऊस वा अवर्षण यांमुळे आधीच शिरलेली बुरशी मात्र वाळवणीने नाहीशी होत नाही व तिच्यासाठी तपासणीवाचून दुसरा मार्ग राहत नाही.